नावाड्याचं आवतण

झीनात "या, बसा जेवायला" म्हणाली आणि ती परदेशी बाई खरोखरच बसली.

दुपारची गर्दी ओसरली होती. झीनातनं स्वतःसाठी ताट वाढून घेतलं होतं. मुलुखियाच्या पाल्याचं हिरवंगार कालवण, भात, बदकाची एक तंगडी, लिंबाचं लोणचं आणि माझ्या हातची भाकरी. ती पहिला घास मोडणार एवढ्यात धक्क्याच्या पायऱ्या चढून ही उन्हानं लाल झालेली बाई वर आली आणि दारात उभी राहून आत बघायला लागली. आता समोर माणूस उभं असताना आपण एकट्यानं खायचं म्हणजे 'या' म्हणावंच लागतं. समोरच्यानं 'अल्ला बरकत देवो, पोट भरलंय' म्हणायचं आणि आपल्या वाटेनं जायचं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे शिकवावं लागत नाही. या बाईनं पाठीवरची पिशवी उतरवली, नळावर हात धुतले, झीनातसमोर बसली, ताट पुढ्यात ओढलं आणि जेवायला लागली. तंगडीसकट.

झीनात रिकामा हात ताटाच्या जागी तसाच धरून बसली होती. मी भट्टीपाशी होते. मला इतकं हसू आलं की भाकऱ्यांची फळी खाली ठेवावी लागली.

"हसतेस काय? दुसरं ताट आण," झीनात पुटपुटली.

"बदक संपलं."

"मग तुझी जीभ आण कापून, तीच शिजवते."

मी अतियात. झीनात माझी भावजय. माझा भाऊ गेल्यापासून ही खानावळ आम्ही दोघीच चालवतो. कालवणं तिची, भाकऱ्या माझ्या, आणि तोंडानं दोघी सारख्याच. लक्सरच्या वरच्या अंगाला नदीकाठी आमचं गाव आहे. पाहुणे इथं मुक्कामाला फारसे राहत नाहीत. मोठ्या बोटी भोंगा वाजवत समोरून निघून जातात. ही बाई मात्र पलीकडच्या काठावरच्या पडक्या देवळातली चित्रं कागदावर उतरवून घ्यायला आली होती. नाव इर्मा. कुठल्याशा थंड देशातली. आमची भाषा बोलायची, पण पुस्तकातली. जेवण झाल्यावर हात पुसत म्हणाली, "भगिनी, आपण मला आपल्या अन्नात सहभागी केलंत, मी आपली अत्यंत ऋणी आहे." आणि पाकीट काढलं.

"ठेव ते आत," झीनात भडकली. "माझ्या ताटातलं मी विकत नसते. उद्या ये, पातेल्यातलं वाढीन, त्याचे पैसे दे."

ती दुसऱ्या दिवशी आली. मग रोजच यायला लागली. पलीकडे एका विधवेच्या घरी उतरली होती, आणि नदी ओलांडायची ती किनावीच्या होडीतून.

किनावी झीनातचा धाकटा भाऊ. त्याला आईचं तोंडही आठवत नाही. झीनातनंच त्याला घास भरवून मोठा केला. 'हात धुतलेस का?' असं विचारल्याशिवाय तिनं त्याच्यापुढे कधी ताट ठेवलं नाही. मी त्यांच्या घराच्या ओळखीची झाले तेव्हा तो मिसरूड फुटलेला गडी होता, तरी ती त्याला हेच विचारायची आणि तो तळहात उलटेपालटे करून दाखवायचा.

मग त्याच्या मुलाचं लग्न झालं. नवरीकडच्यांनी हट्ट धरला की आचारी लक्सरचा हवा, मोठ्या हॉटेलातला, पांढऱ्या उंच टोपीचा. किनावीनं मान डोलावली. तो पहिल्यापासूनच तसा, समोरचा जोरात बोलला की मान डोलावणारा. बहीण धक्क्यावरची सगळ्यात नावाजलेली सुगरण आणि तिला लग्नात पाहुणी म्हणून आवतण! ती गेली. नवी काळी शाल पांघरून गेली. नवरीच्या आईच्या शेजारी बसली, हात धुतले, समोर मोठं ताट आलं, आणि भाकरीचा तुकडाही न मोडता ती उठून घरी आली. सगळ्या मांडवानं पाहिलं. आमच्या बाजूला हे म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकण्यासारखं. किनावीनं त्या रात्री मांडवाच्या खांबाला डोकं टेकून रडून घेतलं असं म्हणतात. मला ते खरं वाटतं, कारण झीनातही घरी तेच करत होती. फक्त तिच्याकडे खांब नव्हता, मी होते.

तेव्हापासून त्यांचं भांडण सुरू आहे असं कुणी म्हणू शकत नव्हतं. रोज दुपारी किनावी खानावळीवरून जायचा. ती जेवत असायची, किंवा तो दिसला की जेवायला बसायची. "ये, बस जेवायला." "अल्ला बरकत देवो, पोट भरलंय." मग तो खाली जाऊन होडीत बसायचा आणि माझ्याच भट्टीवरून नेलेली, फडक्यात बांधलेली भाकरी आणि खारवलेलं जुनं चीज काढून खायचा. कधी ती पाणवठ्यावर भांडी विसळायला उतरली तर तो हात हलवायचा. "ये, जेव." "तुझं ताट भरलेलं राहो." झालं. एवढीच चार वाक्यं. दोघांनीही त्यात एक शब्द कमी केला नाही की जास्त केला नाही. नुसत्या तोंडदेखल्या बोलावण्याला आम्ही नावाड्याचं आवतण म्हणतो. नाव नदीच्या मधोमध असते आणि नावाडी काठावरच्या माणसाला हात हलवून म्हणतो, या जेवायला! किनावी तर जन्माचाच नावाडी, त्यामुळे लोकांना या दोघांवर हसायला आयतं निमित्त मिळालं होतं.

इर्माला यातलं काही ठाऊक नव्हतं. किनावीनं होडीत फडकं सोडून "या, बाई" म्हटलं की तीही सरळ हात पुढे करायची आणि त्याची अर्धी भाकरी फस्त करायची. वर येऊन झीनातला सांगायची, "त्या नावाड्याचं चीज फार उत्तम आहे. आपण कधी खाल्लं आहे काय?"

झीनात तिच्याकडे पाठ करून पातेलं घासत राहायची.

अशातच एक दिवस बातमी आली की किनावी होडी विकतोय. त्याचे गुडघे गेले होते, दिवसातून शंभरदा शिडाचा दोर ओढणं होत नव्हतं. मुलगा सुएझला नोकरीला होता, तो बापाला कायमचं घेऊन जाणार होता. गुरुवारी शेवटच्या फेऱ्या आणि शुक्रवारी नमाजानंतरची गाडी. बातमी आणली मासेवाल्यानं. किनावी स्वतः येऊन सांगेल अशी झीनातची समजूत होती. तो आला नाही.

"सुएझ म्हणजे काय, ते तर दुसरं टोक," ती म्हणाली. "तिथून माणूस मेल्याची बातमीच येते फक्त."

"मग जा आणि त्याला जेवायला बोलाव."

"रोज बोलावते की."

"ते बोलावणं होय? शपथ घालून बोलाव. अल्लाची शपथ घातलीस तर त्याला बसावंच लागेल."

झीनात कांदा चिरायची थांबली. "आणि नाही बसला तर?"

शपथ घातल्यावर माणूस नाही म्हणाला तर मग पुढे बोलायला काही उरत नाही. रोजच्या त्या चार वाक्यांचाही आधार जातो. तिला तो गमवायचा नव्हता. भावाशी एकदा एका ताटात जेवायचं, एवढंच तिला हवं होतं. ते झाल्याशिवाय तो गेला असता तर झीनात पुन्हा चुलीपाशी उभी राहिली नसती. मी तिला ओळखते.

तिनं आपल्या परीनं सुरुवात केली. रविवारी सशाचं मुलुखिया केलं, किनावीच्या जीवाभावाचं. लसूण आणि धन्याची फोडणी पातेल्यात ओतताना बायका आमच्याकडे मोठ्यानं श्वास आत ओढतात, दचकल्यासारखा. त्याशिवाय मुलुखियाला चव येत नाही. त्या दिवशी झीनातनं असा श्वास ओढला की इर्मा चमचा टाकून चुलीकडे धावली. "आपण भाजलात काय? वैद्याला बोलावू काय?" मी तिला धरून बसवलं. बसवताना खाली धक्क्याकडे नजर गेली, तर किनावीनं होडीतून मान वर केली होती.

तो वर आला तेव्हा झीनात म्हणाली, "ये, बस जेवायला. ससा आहे."

'ससा आहे' हे दोन शब्द जास्तीचे होते. किनावी घुटमळला. मला वाटलं, बसतोय आता. पण आत चार गिऱ्हाइकं कान टवकारून बसली होती, आणि सगळ्या मांडवासमोर झालेली गोष्ट तो चार गिऱ्हाइकांसमोर कशी विसरणार? "अल्ला बरकत देवो," तो म्हणाला. "पोट भरलंय." आणि गेला.

सोमवारी भेंडी आणि मटण. पोट भरलंय. मंगळवारी भरलेली कबुतरं. पोट भरलंय. गावात कुणाचं पोट एवढं भरलेलं नसेल जेवढं त्या आठवड्यात त्या वाळक्या माणसाचं भरलं होतं. गिऱ्हाइकांची मात्र चंगळ झाली.

माझा राग निघाला तो इर्मावर. मंगळवारी ती हमालाच्या डब्यात हात घालून बसली. त्या बिचाऱ्यानं रीत म्हणून 'या' म्हटलं होतं. मी तिला दंडाला धरून भट्टीपाशी आणली.

"बाई, तू वेडी आहेस की हावरट?"

"मला कळलं नाही, भगिनी."

"कुणी 'या' म्हटलं की बसायचं नसतं. नाही म्हणायचं. पुन्हा म्हणाला, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा म्हणाला तरी नाही. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले होते. मागे कुणाकुणाचं काय काय खाल्लं ते आठवत असणार.

बुधवारी ती आली आणि नेहमीच्या जागी बसली. झीनातनं विचारलं, "काय वाढू?"

"अल्ला बरकत देवो, पोट भरलंय."

"अगं, मसूर आहे, मासा आहे. काय देऊ?"

"नको, आपली कृपा."

"मासा ताजा आहे, बाई!"

"पोट अगदी भरलेलं आहे," ती म्हणाली. डोळे माशावरच होते. तिसऱ्यांदा नाही म्हणून झाल्यावर ती उठून चालायला लागली.

झीनात माझ्याकडे वळली. "काय शिकवलंस तिला?"

"माणसात वागायला."

"आता तूच तिला परत आण. गिऱ्हाईक उपाशी जातंय माझ्या दारातून!"

मी पायऱ्यांवर तिला गाठलं. ती रडवेली झाली होती. भुकेनंही असेल. "तुम्ही सगळे एकच वाक्य बोलता," ती म्हणाली, आणि घाईत तिची पुस्तकी भाषा गळून पडली. "खरं बोलावलेलं कसं कळतं मग?"

मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी चिडूनच म्हटलं, "बोलण्याकडे कशाला बघतेस? बुडाकडे बघ. खरं बोलावणारा सरकून जागा करतो. नुसतं म्हणायचं असलं की माणूस हलत नाही."

"सरकतो?"

"सरकतो. आता चल, मासा गार होतोय."

तिनं दोन मासे खाल्ले. मी म्हटलेलं मी विसरूनही गेले. ती विसरली नाही. परतताना होडीत तिनं किनावीलाही सांगितलं, हे मला पुढे कळलं. त्यानं नेहमीप्रमाणे 'या' म्हटलं, तर ती त्याच्या बसण्याच्या फळीकडे बघून म्हणाली, "आपण सरकला नाहीत. म्हणजे हे खरं नाही. अतियातनं मला शिकवलंय." त्यावर किनावीनं म्हणे होडी पलीकडे लागेपर्यंत भाकरीला हातही लावला नाही.

गुरुवार उजाडला. झीनातनं पुन्हा ससा आणला. दुपारी किनावीच्या वाटेकडे तोंड करून ताट घेऊन बसली. तो आलाच नाही. शेवटचा दिवस म्हणून लोक उगाचच इकडून तिकडे फेऱ्या मारत होते, त्याला होडीतून उतरू देत नव्हते. ताटातल्या कालवणावर साय धरली.

"ऊठ," मी म्हटलं. "खाली जा."

"मी का जाऊ? दार माझं आहे, येणं त्यानं आहे."

"बाई, ताटावरून उठलं कोण होतं?"

हे मी तिला इतक्या दिवसांत कधी म्हटलं नव्हतं. माझ्या भावाच्या बायकोला टोचून बोलायला मला एरवी कारण लागत नाही, पण ही एक जागा मी सोडून देत आले होते. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता पळी फेकून मारते. तिनं ताटातलं साय धरलेलं कालवण बादलीत ओतलं, बादली उचलली आणि भांडी विसळायची म्हणून पाणवठ्यावर गेली. विसळायला एकही भांडं तिनं बरोबर घेतलं नव्हतं. मी हात पुसत तिच्या मागे गेले. मागोमाग गिऱ्हाइकंही निघाली, जेवणाचं कुणाला पडलं होतं?

होडी पलीकडे निघाली होती. पाण्याच्या मधोमध असेल. तीन-चार उतारू, एक बकरी आणि पुढच्या टोकाला कागदांची सुरळी धरून इर्मा. किनावी सुकाणूपाशी. त्यानं फडकं मांडीवर सोडलेलं होतं, पण भाकरी अख्खीच दिसत होती. त्यानं बहिणीला पाहिलं आणि हात वर केला.

"ये गं, जेवायला!"

काठावर हशा पिकला. मासेवाला तर मांडी थोपटून हसला. नावाडी, नदीच्या मधोमध, आणि आवतण. याहून नावाड्याचं आवतण कुणी कधी पाहिलं नसेल. झीनातचं ठरलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, मी बघत होते. "तुझं ताट..." ती म्हणाली.

तेवढ्यात पुढच्या टोकावर इर्मा उभी राहिली. होडी डुगडुगली, बकरी ओरडली. दोन्ही हात तोंडापाशी धरून ती बाई सगळ्या नदीला ऐकू जाईल अशी ओरडली, "तो सरकला! झीनात, तो सरकलाय!"

खरंच सरकला होता. सुकाणूच्या फळीवर त्यानं स्वतःला अगदी कडेला ढकलून घेतलं होतं, आणि शेजारी एका बाईला बसता येईल एवढी जागा रिकामी होती. ती जागा तो हातानं झाडत होता. तिथं काही धूळ नसणार, सबंध दिवस लोक बसून उठत होते.

हसणं थांबलं. झीनातनं बादली खाली ठेवली.

"थांब," ती ओरडली. "येते."

मग तिला काय झालं कोण जाणे, ती होडी परत येईपर्यंत थांबलीच नाही. चपलांसकट पाण्यात उतरली. पाणी घोट्यांवर, मग पोटऱ्यांवर आलं. मी ओरडले, "अगं बये, वळतोय तो, वळतोय!" किनावीनं सुकाणू असं फिरवलं की उतारू एकमेकांच्या अंगावर पडले. एक जण कुरकुरला की त्याला पलीकडे दवाखान्यात जायचंय, तर बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. होडी तिच्यापाशी आली. किनावीनं हात दिला, दोन्ही गुडघे कुरकुरले असतील, पण त्यानं तिला ओढून वर घेतलं.

ती त्या जागेवर बसली. नदीच्या पाण्यात हात बुडवून धुतले आणि शालीला पुसले. किनावीनं भाकरी मोडली, माझ्याच हातची शिळी भाकरी, आणि अर्धी तिच्या हातात दिली. तिनं चीज लावून घास घेतला. सगळे तिच्या जबड्याकडे बघत होते, बकरीसुद्धा. तिनं चावलं, गिळलं आणि तोंड वाकडं केलं.

"खारट झालंय," ती म्हणाली. "कुणी केलंय हे?"

"लक्सरच्या आचाऱ्यानं," किनावी म्हणाला.

आधी ती हसली. मग रडायला लागली आणि रडता रडता खात राहिली. किनावी नाक पुसत सुकाणू नुसतंच धरून बसला. होडी कुणीच हाकत नव्हतं, ती आपोआप धक्क्याला येऊन लागली. दवाखान्यात जायचं होतं तो माणूसही बघत बसला. फडक्यात तुकडा उरला नाही तेव्हाच झीनात उठली.

ती पुढे आणि तो मागे, असे दोघं पायऱ्या चढून आले. इर्माही आली. ती दारातच थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली, आत यायचं की नाही म्हणायचं हे तिला समजत नव्हतं. मी बाकावर सरकले. ती येऊन बसली.

झीनातच्या चपलांतून पाणी निथळत होतं. तिनं सशाचं पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं, नव्यानं लसूण ठेचला, फोडणी ओतली आणि तो मोठा श्वास ओढला. या वेळी इर्मा जागेवरून हलली नाही. मोठं ताट भरून झीनातनं ते भावाच्या समोर आणलं. गिऱ्हाइकं बघत होती. 'ये, बस जेवायला' ती म्हणेल म्हणून आम्ही सगळेच थांबलो होतो, पण ते तिनं म्हटलंच नाही. ताट दोघांच्या मध्ये ठेवलं, पलीकडे बसली आणि त्याच्या हातांकडे बघत म्हणाली, "हात धुतलेस का?"

किनावीनं तळहात उलटेपालटे करून दाखवले.